देवाच्या चौरंगावर उभा माणूस

वर्षातले पाच दिवस माझ्यावर गणपती बसतो आणि उरलेल्या दिवसांत एक माणूस उभा राहतो. मित्रांनो, मी एक जुना चौरंग आहे. चौरंग म्हटलं की तुम्हाला केळीचे खुंट दिसतील, शिऱ्याचा वास येईल. ते सगळं माझ्याही वाट्याला आलं. पण देवास आणि धार या गावांत मला जे लोक ओळखतात, ते मला एका ठेंगण्या माणसाच्या अनवाणी पायांमुळे ओळखतात.

माझा जन्म बागलीचा. तिथल्या सागवानाचा, तिथल्याच सुताराच्या हातचा. देवासच्या एका मराठा घराण्याने आपल्या गणपतीसाठी मला करवून घेतलं. त्या घरचे आजोबा संस्थानच्या काळात बँडच्या पोशाखांची व्यवस्था बघत. त्यांना स्वतःला शीळसुद्धा घालता येत नसे, पण कोणत्या वाजंत्र्याच्या कोटाचं बटण तुटलं आहे हे त्यांना न पाहता सांगता येई. अशा माणसाच्या हौसेला मोल नसतं. त्यांनी मला चांगला हातभर जास्त रुंद करवला, कारण त्यांच्या गणपतीचं मखर म्हणजे लहानसा दरबारच असे.

पाच दिवस मी आरतीच्या उजेडात असे. मग विसर्जन झालं की मला ओल्या फडक्याने पुसून माळ्यावर उलटा टाकत. माझ्या चार पायांच्या मधोमध लोणच्याच्या बरण्या ठेवायला छान जागा होत असे. त्याबद्दल मी तक्रार करत नाही. बरण्यांचीही सोबत असते.

त्या घरातला नातू जगदेवराव. लहानपणी तो व्हायोलिन शिकला, मग बाहेरगावी जाऊन आणखी शिकला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात एक पांढरी बारीक छडी होती. घरच्यांना वाटलं, शिकला भरपूर आणि घेऊन आला काडी. तो सिंफनीचा संचालक होऊन आला होता. सिंफनी म्हणजे चार भागांची एक लांबलचक रचना. पन्नास-साठ माणसं मिळून ती वाजवतात आणि त्यांच्यासमोर एकजण छडी घेऊन उभा राहतो. तो स्वतः काहीच वाजवत नाही. त्याच्या आत्याबाई, इंदिराबाई, ज्यांना सगळं घर आत्यासाहेब म्हणतं, त्यांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आजोबांसारखंच. वाजवायचं नाही, पण बँडवाल्यांच्या मागे लागायचं."

त्याने खरोखरच बँडवाल्यांना गाठलं. व्हायोलिनवाले त्याला संगीताच्या शाळांतून मिळाले, बासरीवाला एका सरकारी कचेरीतून मिळाला, पण ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असली पितळी वाद्यं माळव्यात वाजवतं कोण? लग्नाच्या बँडवाले. धारला मांगीलाल मास्टरांचा बँड होता. लाल कोट, सोनेरी झुपके, आणि छातीत दोन भात्यांइतका वारा. जगदेवरावांनी त्यांना कागदावरच्या सुरांच्या खुणा वाचायला शिकवल्या, आणि माळवा वाद्यवृंद उभा राहिला.

पहिल्याच तालमीत घोटाळा झाला. मागे बसलेल्या मांगीलाल मास्टरांना संचालकांचा हातच दिसेना. जगदेवराव खुर्चीवर चढले. खुर्ची डुगडुगली आणि संचालक दोन व्हायोलिनांच्या मधे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते माळ्यावर चढले आणि लोणच्याच्या बरण्या बाजूला करून त्यांनी मला खाली काढलं.

आत्यासाहेब दारात उभ्या होत्या. देवाच्या जागेवर माणसाने उभं राहायचं हे त्यांना पटणारं नव्हतं. पण भाचा दुसऱ्यांदा पडावा हेही नको होतं. शेवटी त्यांनी दोन अटी घातल्या. चौरंगावर पायात काही घालायचं नाही, आणि गणेश चतुर्थीला चौरंग घरी पाहिजे. जगदेवरावांनी दोन्ही मान्य केल्या आणि आजवर पाळल्या. म्हणून तर काळा बंद गळ्याचा कोट घातलेला हा माणूस अनवाणी उभा राहून वाद्यवृंद चालवतो. नवखे लोक त्याला नाटकीपणा समजतात. एकाने तर वर्तमानपत्रात लिहिलं होतं की हे भूमीशी नातं जोडणं आहे. घरी तो कागद वाचून आत्यासाहेब पदरात तोंड घालून हसल्या होत्या.

मित्रांनो, छडी हाताला ओळखते, मी पायांना. जगदेवरावांचा चेहरा मला कधी नीट दिसला नाही, पण त्यांचं मन मला कळतं. संगीत जमून आलं की त्यांच्या टाचा उचलतात. राग आला की दोन्ही पाय खिळल्यासारखे होतात. आणि भीती वाटली की उजव्या पायाचा अंगठा माझ्या फळीला असा धरतो, जसं लहान मूल गर्दीत आईचा पदर धरतं.

आम्ही पुष्कळ फिरलो. सोनकच्छच्या मंडीत सोयाबीनच्या ढिगांशेजारी वाजवलं, तेव्हा ट्रम्पेटमधून सुरांच्या आधी धूळ बाहेर पडली. निसरपूरची माणसं धरणामुळे नर्मदेचं पाणी चढल्यावर नव्या वसाहतीत राहायला आली, तिथेही आम्ही गेलो. कार्यक्रम संपल्यावर एका आजीने जगदेवरावांना विचारलं होतं, इतकी सगळी माणसं एकदम वाजवतात तर भांडत कशी नाहीत? ते म्हणाले, भांडतात, माँजी, पण तालमीत. टाळ्या पडल्या, हार पडले, माझ्यावर नवं रोगण चढलं. चांगले दिवस होते.

मग दिवस पातळ होत गेले. तरुण मुलं नोकरीला लांब गेली. तालमी कमी झाल्या. एकदा धारच्या सभागृहात मला कोपऱ्यात विसरून सगळे निघून गेले आणि पुढे कित्येक महिने विजेची कामं करणारे माझ्यावर चढून दिवे बसवत होते, चपलांसकट. लागोपाठ दोन कार्यक्रमांना निम्मा वाद्यवृंद आला नाही. ज्या कलानिधी संस्थेच्या आधारावर आमच्या तालमी चालत, तिच्या अध्यक्षा राजनंदिनीबाई होत्या. मोजकं बोलणाऱ्या, खादीची साडी नेसणाऱ्या बाई. त्यांनी जगदेवरावांना बोलावून सांगितलं की आता एकदा त्यांना पूर्ण वाद्यवृंद वाजताना ऐकायचा आहे. निम्मा नको. तो ऐकल्यावर त्या ठरवतील की हे पुढे चालवायचं की बंद करायचं. दिवाळी झाल्यावर काही दिवसांतच त्या लेकीकडे परदेशी जाणार होत्या. जे व्हायचं ते त्याआधी.

त्या दिवशी जगदेवराव रिकाम्या सभागृहात माझ्यावर नुसते उभे राहिले. समोर कोणी नाही, हातात छडी नाही. उजवा अंगठा मात्र घट्ट.

आणि आता ती चूक सांगतो. ही चूक माळव्यातला मराठी माणूसच करू शकतो.

जगदेवरावांना पक्कं माहीत होतं की लग्नसराई सुरू झाली की मांगीलाल मास्टर आणि त्यांची माणसं हाताला लागत नाहीत. म्हणून त्यांनी आत्यासाहेबांना विचारलं, दिवाळीनंतर लग्नं नसतील असा दिवस सांगा. आत्यासाहेबांनी चष्मा लावला, पंचांग पाहिलं, बोटांवर मोजलं. द्वादशीपासून तुळशीची लग्नं, मग माणसांची. त्याच्या आदल्या दिवशी कार्तिकी एकादशी. एकादशीला उपास. उपासाच्या दिवशी कोण बोहल्यावर चढणार? एकादशी धर, म्हणाल्या. जगदेवरावांना ते इतकं सरळ वाटलं की त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही. निमंत्रणं गेली. भिंतींवर कागद लागले.

भाऊबीज झाल्यावर मांगीलाल मास्टर तालमीला आले. दारातला कागद त्यांनी दोनदा वाचला. मग आत आले, वाद्य काढलंच नाही, पेटी मांडीवर ठेवून बसून राहिले. पहिल्या व्हायोलिनवर अपूर्वा असते. धारची मुलगी, शाळेत शिकवते, जगदेवरावांना काका म्हणते. तिने विचारलं, "मास्टरजी, तबियत ठीक नहीं क्या?"

मास्टर जगदेवरावांकडे बघून म्हणाले, "साब, ये तारीख किसने निकाली? ग्यारस को तो पूरा मालवा घोडी चढता है."

सभागृहात कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. माळव्यातल्या लेकरालाही ठाऊक आहे की देवउठनी ग्यारसेला, म्हणजे याच एकादशीला, मुहूर्त बघावा लागत नाही. देव झोपेतून उठले की नवरदेव उठतात. ज्या दिवशी मराठी घरात साबुदाणा भिजतो, त्याच दिवशी बाकीच्या गावात वराती निघतात. जगदेवराव याच गावांत वाढले होते. दर वर्षी त्या रात्री त्यांच्या घरावरून वराती गेल्या असतील. पण माणूस आपल्या घरचं पंचांग बाहेरच्या आवाजाने तपासत नाही.

मास्टरांच्या माणसांनी धारच्याच एका घरी त्या संध्याकाळचा शब्द दिला होता. त्या घरातली सगळी लग्नं याच बँडने वाजवली होती. मास्टर म्हणाले, शब्द मोडता येणार नाही, पण मार्ग आहे. पितळी वाद्यांना खरं काम या सिंफनीच्या चौथ्या भागातच आहे. पहिले तीन भाग त्यांची माणसं वाद्य मांडीवर घेऊन नुसती बसतात. वरात मुलीच्या दारी लागली की बँड मोकळा होतो, आणि ते घर सभागृहापासून लांब नाही. थोडं थांबावं लागेल एवढंच.

माझ्यावरचे दोन्ही पाय खिळले. खरं तर राग स्वतःचा होता, पण स्वतःवर राग काढायला माणसाला वेळ लागतो. जगदेवराव म्हणाले, "सिंफनी वरातीसाठी थांबत नाही, मांगीलाल."

"और बारात सिंफनी के वास्ते नहीं रुकती, साब," मास्टर म्हणाले. त्यांनी पेटी उचलली आणि ते निघून गेले. त्यांच्यामागे लाल कोटवाले सगळे.

हातात जेमतेम आठवडा उरला होता, आणि तारीख पुढे ढकलावी तर राजनंदिनीबाई परदेशी निघून जाणार. जगदेवरावांनी इंदूर, उज्जैन सगळीकडे विचारलं. ग्यारसेला वाजवणारा माणूस मोकळा सापडणं म्हणजे दिवाळीला शिंपी मोकळा सापडणं. घरी त्यांनी आत्यासाहेबांना काय झालं ते सांगितलं. आत्यासाहेबांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाल्या, "उपाशी वऱ्हाड? कसले बाई लोक." आणि चष्मा पुसत बसल्या. हे मला अपूर्वामुळे कळलं. ती त्यांच्याकडे गेली होती आणि तालमीला येऊन दुसऱ्या व्हायोलिनला सांगत होती.

वाद्यवृंदाची व्यवस्था अर्पित नावाचा हुशार तरुण बघतो. वाईट नाही तो, फक्त त्याला प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली माहीत असते. त्याने उपाय आणला. कॉलेजातली काही मुलं आणायची, त्यांना लाल कोट घालायचे, हातात ट्रम्पेट-ट्रॉम्बोन द्यायचे. त्यांनी फक्त तोंडाला लावून गाल फुगवायचे. सूर कीबोर्डवरून काढायचे आणि स्पीकरमधून सोडायचे. त्या बाईंना पूर्ण वाद्यवृंद बघायचा आहे ना? एकही खुर्ची रिकामी दिसणार नाही.

अपूर्वा म्हणाली, "काका, ये तो चीटिंग है. बाईंना नाही कळलं तरी आपल्याला तर कळेल ना?"

अर्पित म्हणाला, "दीदी, वाद्यवृंद बंद पडला तर तुमची ईमानदारी कुठे वाजवणार?"

दोघांनी वर पाहिलं. जगदेवराव म्हणाले, "बघू."

मित्रांनो, या घराण्यात "बघू" म्हणजे हो. फक्त ते हो कोणाच्या नावावर लिहायचं नसतं. माझ्या फळीवर त्यांचे तळवे गार झाले होते.

एकादशीची संध्याकाळ आली. सभागृह भरलं होतं. धारची जुनी मराठी घरं बऱ्यापैकी आली होती, उपासाचं तोंड करून. दुसऱ्या रांगेत शाल पांघरून आत्यासाहेब. पहिल्या रांगेत मधोमध राजनंदिनीबाई, हातात काही नाही, मांडीवर हात. माझ्या समोर, वाद्यवृंदाच्या शेवटच्या रांगेत, ती लाल कोटातली मुलं. एकाच्या कोटाच्या बाह्या बोटांवर येत होत्या. ट्रम्पेट त्याने मक्याच्या कणसासारखं धरलं होतं.

जगदेवराव अनवाणी येऊन माझ्यावर चढले. उजवा अंगठा आधीच वळलेला होता.

पहिला भाग गेला. चांगला गेला. दुसरा संथ असतो. त्या भागातल्या शांत जागांमधून बाहेरचा आवाज आत येऊ लागला. वराती निघाल्या होत्या. एक डावीकडून, एक लांबून, तिसरी कुठे आहे हेही कळेना. तिन्हींची गाणी एकमेकांत मिसळत होती. आणि त्या गोंगाटातून एक ट्रॉम्बोन स्वच्छ ऐकू येत होता. तो मांगीलाल मास्टरांचा होता. एवढी वर्षं माझ्या अंगातून ज्याचे सूर गेले तो मी ओळखणार नाही? जगदेवरावांनीही ओळखला. त्यांच्या टाचा एकदाही उचलल्या नव्हत्या.

तिसरा भाग संपला.

दोन भागांच्या मधे जरा थांबतात. लोक खोकून घेतात, पानं उलटली जातात. मग छडी वर जाते. छडी वर गेली. चौथा भाग पितळी वाद्यांच्या हाकेने सुरू होतो, म्हणून डावा हात शेवटच्या रांगेकडे वळला. मुलांनी वाद्यं तोंडाला लावली. बाजूला अर्पितचा माणूस कीबोर्डवर बोटं ठेवून तयार. पुढचा क्षण आला की बावीस वर्षांच्या कामावर खोट्याचा शिक्का बसणार होता, आणि तो कोणाला दिसणारही नव्हता. पहिल्या रांगेत राजनंदिनीबाई किंचित पुढे झुकल्या.

हात तिथेच राहिला. लोकांना वाटलं, ही काही कला आहे.

आणि मग ते झालं जे माझ्यावर कधी झालं नव्हतं. दोन्ही टाचा फिरल्या. चालू कार्यक्रमात संचालक माझ्यावर उभ्या उभ्या वळले आणि त्यांनी वाद्यवृंदाकडे पाठ केली.

ते हिंदीत बोलले, कारण सभागृहात सगळेच होते. आवाज मोठा नव्हता. "ये बच्चे बजाना नहीं जानते. जो जानते हैं, वो इस वक्त बारात में हैं. ग्यारस की तारीख मैंने रखी थी, उनसे पूछे बिना. उन्होंने कहा था, थोडा रुकना, हम आएंगे. मैंने मना कर दिया. अब हम रुकेंगे. आप में से जिन्हें जाना हो, जाएं. बुरा नहीं मानूंगा."

ते परत वळले आणि माझ्यावर तसेच उभे राहिले. लाल कोटातली मुलं उठून बाजूला झाली. जाताना त्या लांब बाह्यांच्या मुलाने ट्रम्पेट खुर्चीवर असं अलगद ठेवलं, जसं काही ते झोपलेलं बाळ होतं.

वाट बघणं म्हणजे काय असतं हे चौरंगाला ठाऊक असतं. आम्ही वर्ष वर्ष वाट बघतो. पण ती संध्याकाळ वेगळी होती. बाहेर वरात पुढे सरकेना. चौकात दोन वराती समोरासमोर आल्या होत्या आणि दोघांपैकी कोणाचीही घोडी मागे हटायला तयार नव्हती, असं बाहेर जाऊन आलेल्या एका श्रोत्याने मोठ्याने सांगितलं. लोक उठू लागले. आधी एकेक, मग रांगेने. खुर्च्यांचे आवाज, चपलांचे आवाज, दबलेलं हसू. अर्पित बाजूच्या पडद्याआडून कुजबुजला, "सर, कुछ तो बजाओ. सब जा रहे हैं." जगदेवरावांनी मान हलवली नाही.

अपूर्वाने वाद्यं गार पडू नयेत म्हणून मधूनमधून एक सूर धरला. बाकीचे त्याला आपापले सूर लावून घेत आणि पुन्हा शांत होत. त्यांच्यातला एकही उठला नाही.

मग राजनंदिनीबाई उठल्या. पदर सारखा केला आणि कोणाकडे न बघता दाराबाहेर गेल्या. त्या दाराचा आवाज सगळ्यांनी ऐकला. माझ्यावरचा अंगठा इतका जोरात आवळला गेला की फळी करकरली. झालं, असं मीही मनात म्हटलं.

तेवढ्यात आत्यासाहेब काठी टेकत पुढे आल्या. रंगमंचाच्या कडेला उभ्या राहिल्या. जगदेवराव त्यांना संचालकासारखे नव्हे, घाबरलेल्या शाळकरी मुलासारखे दिसत असणार, कारण आत्यासाहेबांचा आवाज अगदी खाली आला.

"जगदेव, तारीख मी काढली होती. माझं नाव का नाही घेतलंस?"

"छडी माझ्या हातात आहे, आत्यासाहेब."

त्यांनी जगदेवरावांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "पाय दुखत असतील. उतर खाली, बस जरा."

"उतरलो तर लोकांना वाटेल संपलं."

आत्यासाहेबांनी मान डोलावली. मग त्या परत दुसऱ्या रांगेत गेल्या नाहीत. पहिल्या रांगेत राजनंदिनीबाईंच्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारी बसल्या. दिवसभर त्यांच्या पोटात दोन खजूर आणि पाणी याखेरीज काही नव्हतं, पण बसल्या त्या ताठ.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. जगदेवरावांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, ते एका पायावरून दुसऱ्यावर भार देत होते. सभागृहात आता मोजकीच डोकी उरली होती. बाहेरचा गोंगाट एकदम जवळ आला, खूप जवळ, आणि एकाएकी थांबला. वरात दारी लागली होती.

मग पळणाऱ्या बुटांचा आवाज आला. मागचं दार उघडलं आणि मांगीलाल मास्टर आत आले. झुपके वाकडे, टोपी काखेत, खांद्यांवर गुलाल, आणि छातीचा भाता अजून चालू. त्यांच्यामागे त्यांची सगळी माणसं. त्यांच्यामागे फेटे बांधलेले चार-सहा वऱ्हाडी, ज्यांना हे कुठे पळतात ते बघायचं होतं. आणि सगळ्यात शेवटी राजनंदिनीबाई, केसांत कोणीतरी उधळलेल्या पाकळ्या. त्या निघून गेल्या नव्हत्या. त्या चौकात गेल्या होत्या, सभागृह थांबलं आहे हे मास्टरांना सांगायला. दोन्ही वरातींच्या मामांना त्यांनी नेमकं काय सांगितलं ते कोणाला कळलं नाही. पण एक घोडी मागे हटली होती एवढं खरं.

मास्टर आपल्या खुर्चीपर्यंत गेले. वाद्य पुसलं. मग जगदेवरावांकडे पाहिलं.  जगदेवरावांनी फक्त भुवया उंचावल्या असाव्यात, कारण मास्टर म्हणाले, "सांस लेने दो, साब. अभी पूरी गली नाच के आए हैं."

उरलेले लोक हसले. वाद्यवृंद हसला. माझ्यावरचा अंगठा सुटला.

छडी वर गेली, डावा हात मागच्या रांगेकडे वळला आणि त्या रांगेतून जी हाक उठली, मित्रांनो, ती मी कशी सांगू? चौरंग लाकडाचा असतो. पण लाकूड कधीकाळी झाड होतं आणि वाऱ्याला ओळखतं. जगदेवरावांच्या टाचा उचलल्या, खाली आल्या, पुन्हा उचलल्या. इतका भार माझ्यावर गेली कित्येक वर्षं पडला नव्हता. शेवटच्या काही ओळींत ते सगळ्या वाद्यांना एकत्र ओढून आणत होते आणि तेव्हा माझ्या मागच्या डाव्या पायातून एक आवाज झाला. कडक्. मी एका बाजूला कललो.

त्यांना कळलं. उतरले नाहीत. भार उजव्या पायावर घेतला आणि तसेच तिरके उभे राहून शेवटचा ठोका दिला.

टाळ्या थोड्याच होत्या, कारण माणसं थोडी होती. पण फेटेवाल्यांनी शिट्ट्या वाजवल्या. आमच्या इतिहासात सिंफनीला मिळालेल्या त्या पहिल्याच शिट्ट्या.

जगदेवराव खाली उतरले. श्रोत्यांना नमस्कार करायच्या आधी त्यांनी वाकून मला उलटा केला. इतकी वर्षं ते माझ्यावर उभे राहिले होते, खाली त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. डाव्या पायाच्या सांध्यापासून चीर गेली होती, आणि ती नवी नव्हती. अर्धी जुनी होती, काळी पडलेली. दिवे बसवणाऱ्यांच्या चपलांच्या काळातली असावी. त्यांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. मांगीलाल मास्टर शेजारी येऊन उभे राहिले.

"घोडी लंगडी हो जाए तो दूल्हे को उतरना पडता है, साब," मास्टर म्हणाले.

"अगली बार तारीख आप निकालना, मास्टरजी," जगदेवराव म्हणाले. आप म्हणाले, आणि मास्टरजी म्हणाले. मी ऐकलं. याआधी नुसतं मांगीलाल असे.

राजनंदिनीबाईंनी जाताना एवढंच सांगितलं की पुढचं वर्ष हे चालेल, त्यापुढचं त्यापुढच्या वर्षी बघू. त्या घराण्यातल्या नसल्यामुळे त्यांच्या "बघू"चा अर्थ मला अजून नीट माहीत नाही. आत्यासाहेब म्हणतात, बरा असावा.

धारच्या एका सुताराने माझ्या पायाला लोखंडी पट्टी मारली. आता मी थोडा जड झालो आहे आणि उचलताना लोक कुरकुरतात. देवाला पट्टी चालेल का, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा आत्यासाहेब म्हणाल्या, देवाला चालते, तुम्ही बोटं सांभाळा. आता प्रत्येक तालमीआधी जगदेवराव मला उलटा करतात, चारही पाय हलवून बघतात आणि मगच वर चढतात. आणि वर चढल्यावर पहिल्यांदा शेवटच्या रांगेला विचारतात, बरं आहे ना?

मित्रांनो, तुम्हीही कशावर तरी उभे असाल. पाट असेल, शिडी असेल, कोणाचे खांदे असतील, कोणाचा शब्द असेल. त्याला रोगण लावू नका, हार घालू नका. फक्त अधूनमधून खाली उतरून त्याला उलटा करून बघा. चीर वरून दिसत नाही.